गावातलं जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आणि वरून जाणारं स्पिटफायर : नियोजनाचा धागा

फेनकाठ
केंब्रिजशायरमधल्या आमच्या गावात पुढच्या ऑगस्टच्या बँक हॉलिडेच्या (सोमवारच्या सार्वजनिक सुट्टीच्या) आदल्या रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन ठरतंय. जमा होणारा पैसा चर्चच्या छपराला आणि व्हिलेज हॉलला. समितीत मी आहे आणि जागा, वाहतूक, विमान हे तीन विषय माझ्याकडे आलेत. आकडे असे: ११ एकराचं गवताळ शेत, रस्त्याला लागून एकच फाटक, २५० जुनी वाहनं (मोटारी, मोटरसायकली, ट्रॅक्टर, लष्करी ट्रक, चार स्टीम इंजिनं), अंदाजे २,००० प्रेक्षक. दुपारी स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचा फ्लायपास्ट (वरून उडत जाणं) हवा असा सगळ्यांचा आग्रह आहे. इथे ब्रिटनमध्ये अशा कामांत असलेले बरेच जण आहेत, म्हणून धागा काढला. कुठून सुरुवात करायची आणि काय हमखास बिघडतं, ते सविस्तर लिहा.

मर्लिन२७
विमानापासून सुरू करतो, कारण त्याची मुदत सगळ्यात आधी संपते.

स्पिटफायर आणायचे दोन मार्ग आहेत. पहिला, हवाई दलाची बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट, म्हणजे बीबीएमएफ. मुक्काम लिंकनशायरमधला कोनिंग्सबी तळ. स्पिटफायर, दोन हरिकेन (लढाऊ), एक लँकेस्टर (बॉम्बफेकी), एक डाकोटा (मालवाहू) आणि सरावाचे चिपमंक असा ताफा. लँकेस्टर पीए४७४ हे जगात उडण्याजोग्या उरलेल्या दोनांपैकी एक; दुसरं कॅनडात हॅमिल्टनला आहे. अर्ज थेट बीबीएमएफकडे जात नाही, हवाई दलाच्या कार्यक्रम विभागाकडे जातो, आणि तो आदल्या वर्षीच्या शरद ऋतूतच द्यावा लागतो. जानेवारीत जागे झालात तर ते वर्ष गेलं. दुसरा मार्ग खासगी मालकांच्या विमानांचा.

अर्जात कार्यक्रमाचं नाव नि तारीख एवढंच देऊन भागत नाही. मैदानाचा अचूक ग्रिड रेफरन्स आणि अक्षांश-रेखांश, गर्दी कुठल्या बाजूला असेल, प्रेक्षकसंख्या, दोन-तीन मैलांतले मनोरे, विजेच्या उच्चदाब तारा, पवनचक्क्या, घोड्यांचे तबेले, जवळची ग्लायडिंग किंवा पॅराशूट केंद्रं हे सगळं लिहा. केंब्रिजशायरमध्ये ग्रॅन्सडेन लॉजला ग्लायडर असतात आणि डक्सफर्डची स्वतःची हवाई वाहतूक असते. तुमचं गाव यांच्या किती जवळ आहे ते पहिल्याच पानावर येऊ द्या. शिवाय त्या दिवशी मैदानावर हजर असणाऱ्या एकाच माणसाचा मोबाइल नंबर द्या. तो माणूस स्टॉलवर किंवा फाटकावर लावू नका. वैमानिकाचा निरोप त्याच्याकडे येणार असतो.

बँक हॉलिडेच्या बाबतीत एक फायद्याची गोष्ट आहे. त्या दिवशी देशभर कार्यक्रम असतात, त्यामुळे एकच विमान चार-पाच ठिकाणांवरून फेरी मारत जातं. तुमचं गाव त्या मार्गावर पडलं तर शक्यता वाढते. पण त्याचमुळे वेळ तुम्ही ठरवत नाही, ते कळवतात. आधीच्या ठिकाणी उशीर झाला की तुमच्याकडेही होतो.

फेनकाठ
@मर्लिन२७ आभार. हवामान किती आडवं येतं? समिती पत्रकावर मोठ्या अक्षरात 'स्पिटफायर, दुपारी २.३०' छापायच्या तयारीत आहे.

मर्लिन२७
तसं छापू नका, कळकळीने सांगतो. ही विमानं ढगात शिरत नाहीत, जमीन दिसत राहील अशाच हवेत उडतात. आडवा वारा साधारण १५ नॉट्सच्या पुढे गेला की कोनिंग्सबीहून निघणंच अवघड. तुमच्याकडे लख्ख ऊन आणि लिंकनशायरवर खाली उतरलेले ढग, हे ऑगस्टमध्येही होतं, आणि मग लोक आकाशाकडे बोट दाखवून विचारतात की एवढं निरभ्र असताना विमान का नाही.

हवा उत्तम असली तरी यंत्राचा भरवसा नाही. २०१७ साली मर्लिन इंजिनातल्या (स्पिटफायर, हरिकेन, लँकेस्टर यांना तेच असतं) दोषामुळे काही काळ मर्लिनवाली विमानं थांबवावी लागली. मे २०२४ मध्ये कोनिंग्सबीजवळ स्पिटफायर कोसळून वैमानिक गेला, त्यानंतर सगळा ताफा कित्येक आठवडे जमिनीवर होता. पत्रकावर ओळ अशी घ्या: 'बीबीएमएफच्या विमानाचा फ्लायपास्ट अपेक्षित, हवामान व विमानाच्या उपलब्धतेवर अवलंबून'. वेळ छापूच नका. तिकिटाचे पैसे गाड्यांच्या प्रदर्शनाचे आहेत, हे तिकिटावरच येऊ द्या. विमान आलं नाही तर परताव्याचा वाद तिथेच संपतो.

डीएच८२
खासगी विमानांबद्दल मी लिहितो, कारण इथे गैरसमज फार आहेत.

'आमच्या ओळखीच्या एकाकडे टायगर मॉथ (जुनं दुपंखी विमान) आहे, तो दोन चकरा मारून जाईल' असं बऱ्याच गावांत चालतं. पण जाहिरात केलेल्या, लोकांना खुल्या कार्यक्रमात करमणुकीसाठी मुद्दाम केलेलं उड्डाण ही ब्रिटनच्या कायद्यात 'फ्लाइंग डिस्प्ले'ची व्याख्या आहे. एअर नॅव्हिगेशन ऑर्डर २०१६, कलम ८६. त्याला नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाची, म्हणजे सीएएची परवानगी लागते, जबाबदार फ्लाइंग डिस्प्ले डायरेक्टर लागतो आणि वैमानिकाकडे डिस्प्ले ऑथरायझेशन लागतं. सविस्तर नियम कॅप ४०३ या पुस्तिकेत आहेत, सीएएच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. २२ ऑगस्ट २०१५ ला शोरहॅमच्या विमान प्रदर्शनात हॉकर हंटर हे जुनं जेट विमान रस्त्यावर कोसळून ११ माणसं गेली. ती बहुतेक माणसं प्रदर्शन बघायला आलेली नव्हती, शेजारच्या रस्त्यावरून जात होती. त्यानंतर सगळं फार काटेकोर झालंय आणि ते योग्यच आहे.

तेव्हा साधा सरळ फ्लायपास्ट असला तरी तो परवानगीत बसतो की नाही, हे सीएएला पत्राने विचारा आणि लेखी उत्तर फाइलला लावा. सराईत चालक कंपनी हे सगळं स्वतः सांभाळते. बोलताना चार गोष्टी विचारून घ्या: त्यांचा विमा किती रकमेचा, हवामानामुळे रद्द झाल्यास किती पैसे परत, मैदानापर्यंतच्या येण्याजाण्याचं इंधन दरात धरलंय की वेगळं, आणि नोटॅम कोण काढणार. नोटॅम म्हणजे त्या भागातल्या बाकी वैमानिकांसाठीची सूचना. ती नसेल तर रविवारी दुपारी हौशी सेसना तुमच्या डोक्यावरून नेमकी त्याच वेळी जाऊ शकते.

शेतरस्ता
विमान थेट मैदानावरून जातं की बाजूने? आमच्याकडे लोकांना डोक्यावरून हवं असतं.

डीएच८२
बाजूने. मोकळ्या जागेतल्या जमावावरून जायचं तर ६०० मीटरच्या परिघातल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या वर १,००० फूट ठेवावे लागतात. शिवाय माणसं, वाहनं, इमारती यांच्यापासून ५०० फुटांचा सर्वसाधारण नियम आहेच. डिस्प्लेच्या परवानगीत अंतरं वेगळी लिहून येतात, पण गर्दीवरून खालून जायचं नाही हे कायम. आणि बाजूनेच चांगलं दिसतं. डोक्यावरून गेलं की चार सेकंदांत पोट दिसून संपतं. बाजूने वळण घेत गेलं तर पंखांचा लंबवर्तुळाकार आकार पूर्ण दिसतो आणि फोटोही मिळतो.

म्हणून प्रेक्षकांची मुख्य बाजू आधी ठरवा. दुपारी सूर्य नैर्ऋत्येला असतो, तेव्हा गर्दीचं तोंड उत्तरेला किंवा ईशान्येला येईल अशी रिंगणाची मांडणी करा. नाहीतर दोन हजार माणसं डोळ्यांवर हात धरून काळी सावली बघतील.

हिशोबवही
आता जमिनीवर या. तुमच्या ११ एकरांचं गणित मांडते.

२,००० प्रेक्षक, एका मोटारीत सरासरी २.७ माणसं धरली तर ७४० मोटारी. गवतावर समोरासमोर दोन रांगा आणि मध्ये ६ मीटरची वाट, मोटारीला २.५ बाय ५ मीटर: कागदावर मोटारीमागे २० चौरस मीटर, एकरी २००. प्रत्यक्षात कुंपणाच्या कडा, फाटकाची जागा, वाकड्या रांगा यांत एक चतुर्थांश जातो. एकरी १३० ते १५० धरा. म्हणजे पाच ते पावणेसहा एकर नुसते पार्किंगला. २५० प्रदर्शन-वाहनांना वाटांसकट सरासरी ४० चौरस मीटर, म्हणजे अडीच एकर. रिंगण ८० बाय ४० मीटर आणि भोवतीची जागा मिळून एक एकर. स्टॉल, खाणं, शौचालयं, प्रथमोपचार मिळून एक. झाले साडेनऊ ते सव्वादहा. बसतंय, पण पाऊस पडून शेताचा सखल कोपरा गेला तर बसत नाही. शेजारचं दोन-तीन एकराचं शेत राखीव म्हणून आत्ताच शेतकऱ्याकडून लेखी घ्या.

फाटकाचं गणित याहून महत्त्वाचं. साठ टक्के मोटारी १०.३० ते १२ या दीड तासात येतात: ताशी सुमारे ३००. पैसे घेऊन एक मोटार सोडायला २५ सेकंद, तर एका रांगेतून ताशी १४४. दोन रांगा थोडक्यात कमी पडतात, म्हणून तीन करा. आणि पैसे घेणारी माणसं फाटकात उभी करू नका. फाटकापासून १२० मीटर आत उभी करा. सहा मीटरला एक मोटार धरली तर एका रांगेत २० मोटारी शेतातच थांबतात आणि तीन रांगांत ६०. फाटकातच पैसे घेतले तर त्या ६० मोटारी गावच्या अरुंद रस्त्यावर उभ्या राहतात, बस अडकते, आणि सोमवारी पॅरिश कौन्सिलकडे (गावच्या पंचायतीकडे) तक्रारी जातात.

आणखी एक. दोन हजार फोन एका टॉवरला लागले की कार्डाचं यंत्र फिरतच राहतं. ऑफलाइन व्यवहार घेणारी यंत्रं घ्या, आणि प्रत्येक रांगेला सुट्ट्या पैशांची वेगळी पेटी ठेवा.

जुनं_इंजिन
@हिशोबवही यांच्या गणितात एक भर. प्रदर्शनाच्या गाड्यांना प्रेक्षकांच्या रांगेत अजिबात उभं करू नका. १९५०च्या मोटारीला ताशी दोन मैलांनी वीस मिनिटं सरकायला लावलं की इंजिन तापतं, पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि गाडी फाटकातच बंद पडते. फाटक एकच आहे म्हणता, तर वेळेने वेगळं करा: प्रदर्शक ८ ते ९.४५, प्रेक्षक १० पासून. ९.४५ नंतर आलेल्या प्रदर्शकाची गाडी पार्किंगमध्ये. हे निमंत्रणाच्या पत्रातच लिहा आणि पाळा.

प्रत्येक प्रदर्शकाला पत्रासोबत काचेला लावायचं कार्ड पाठवा: रांगेचं अक्षर, क्रमांक आणि मागे आणीबाणीच्या सूचना. रांगा आदल्या दिवशी दोरी आणि मैदान आखायच्या रंगाने आखा. लष्करी ट्रकला १० बाय ४ मीटर, मोटारीला ६ बाय ३. ट्रक उताराच्या खालच्या बाजूला, चाकांना अडण्या लावून.

१० ते ४ या वेळात एकही गाडी हलणार नाही. अपवाद रिंगणातल्या फेरीचा, तीही पायी चालणारा मार्शल पुढे ठेवून. 'मला लवकर निघायचंय' म्हणणारे तीनच्या सुमाराला येतातच. त्यांना बाहेर पडण्याच्या वाटेलगतची एक रांग आधीच द्या आणि तिथूनच मार्शलसोबत सोडा.

आगीबद्दल मुद्दाम लिहितो. २०२१ पासून ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल ई१० आहे, १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या गाड्यांच्या मूळ रबरी नळ्या त्याने ठिसूळ होतात आणि कार्बोरेटरपाशी थेंब थेंब गळती सुरू होते. त्याखाली ऑगस्टमधलं वाळकं गवत आणि तापलेला एक्झॉस्ट. त्यामुळे गवत दहा-बारा दिवस आधी कापा आणि कापलेलं उचलून न्या, तसंच पसरून ठेवू नका. प्रत्येक दोन रांगांमागे एक फोम आणि एक पावडरचं अग्निशामक, जमिनीवर नाही तर खुंटीवर, लाल झेंडी लावून. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकायचं नाही हे स्वयंसेवकांना सकाळच्या बैठकीत सांगा. गाडीखाली पुठ्ठ्याऐवजी पत्र्याचं ताट ठेवायला सांगा. तेलाने भिजलेला पुठ्ठा म्हणजे काकडाच.

वाफाळ
चार स्टीम इंजिनं म्हणताय, तर ती आत यायची वाट आधी तपासा.

पूर्ण आकाराचं ट्रॅक्शन इंजिन दहा टनांच्या आसपास. ते लो-लोडरवर, म्हणजे बुटक्या सपाट ट्रेलरवर, येतं, आणि लो-लोडरला उतरवायला सपाट, सरळ, कडक जागा लागते. फाटकाशी खड्ड्यावरची मोरी, म्हणजे छोटा पूल, असेल तर ती किती वजन पेलते हे शेतकऱ्याला विचारा. धान्याचे भरलेले ट्रेलर तिथून जात असतील तर चिंता कमी. इंजिनं आदल्या दिवशी येऊ द्या. गार बॉयलरला वाफ धरायला दोन-तीन तास लागतात, आणि रविवारी सकाळी ८ ला फाटकात लो-लोडर अडकला तर बाकीचं सगळं मागे.

मालकाकडून दोन कागद घ्या: प्रेशर सिस्टिम्स सेफ्टी रेग्युलेशन्स २००० नुसार बॉयलर तपासणीचा चालू अहवाल, आणि विमा. प्रती फाइलला. कागद नाही तर इंजिन पेटवायचं नाही, नुसतं थंड उभं राहील. पाण्यासाठी बाउझर, म्हणजे टँकर, लागेल. मोठ्या इंजिनाला दिवसात हजार लिटर सहज लागतं. कोळसा कोण देणार ते आधी ठरवा. वेल्समधली फॉस-इ-फ्रान खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाल्यापासून वाफेच्या इंजिनांचा देशी कोळसा मिळणं अवघड झालंय, बहुतेक मालक आयात कोळसा किंवा त्याच्या दाबलेल्या गोळ्या वापरतात आणि त्या महाग पडतात. राख टाकायला पत्र्याचं पिंप, गवतावर नाही. इंजिनं वाऱ्याच्या खालच्या बाजूला, चहाच्या तंबूपासून लांब.

परवानावाली
कागदांचं थोडक्यात. वर्षातून २८ दिवसांपर्यंत शेताचा तात्पुरता वापर सहसा वेगळ्या नियोजन परवानगीशिवाय चालतो. शेत संरक्षित निसर्गक्षेत्रात असेल तर वेगळे निर्बंध असू शकतात, ते तपासा.

बिअरचा तंबू असेल तर टेम्पररी इव्हेंट नोटीस, शुल्क २१ पौंड, जिल्हा कौन्सिलला किमान १० पूर्ण कामाचे दिवस आधी. अर्ज पोचल्याचा दिवस आणि कार्यक्रमाचा दिवस त्यात धरत नाहीत, आणि बँक हॉलिडे जवळ असल्याने मोजताना घोटाळा होतो. सहा आठवडे आधीच देऊन टाका. ही नोटीस एका वेळी ४९९ माणसांपुरतीच, कर्मचारी धरून. म्हणून नोटीस फक्त कुंपण घातलेल्या बिअरच्या भागासाठी काढा आणि त्याच्या तोंडाशी मोजणारा माणूस ठेवा.

सार्वजनिक दायित्व विमा ५० लाख पौंडांचा तरी लागतोच, काही जागामालक एक कोटीचा मागतात. पॉलिसीत हवाई उड्डाण आणि वाफेची इंजिनं वगळलेली असतात, ती ओळ शोधून वाचा आणि दलालाकडून लेखी खुलासा घ्या. शौचालयं: १०० बायकांमागे एक या हिशोबाने मागवा, म्हणजे तुमच्याकडे दहा, पुरुषांची नि अपंगांसाठीची वेगळी.

आणि एक नवा कायदा. टेररिझम (प्रोटेक्शन ऑफ प्रेमिसेस) ॲक्ट २०२५, लोक त्याला मार्टिन्स लॉ म्हणतात. तिकीट तपासून आत सोडलेल्या कार्यक्रमात एका वेळी ८०० किंवा जास्त माणसं अपेक्षित असतील तर तो लागू होतो. अंमलबजावणी एप्रिल २०२७ च्या आधी नाही, पण दरवर्षी करायचा बेत असेल तर आराखडा आत्तापासून त्या अंगाने लिहा.

शेतरस्ता
रस्त्याबद्दल: हाय-व्हिज जॅकेट घातलेल्या स्वयंसेवकाला सार्वजनिक रस्त्यावर वाहतूक थांबवायचा अधिकार नाही. तो शेताच्या आत काय ते करू शकतो. रस्त्यावर पोलीस किंवा तसा अधिकार दिलेली माणसंच. गावातून एकेरी वाहतूक हवी तर काउंटी कौन्सिलच्या महामार्ग खात्याकडून कार्यक्रमासाठीचा तात्पुरता आदेश काढावा लागतो, त्याला बारा आठवडे तरी धरा. पिवळे दिशाफलकही त्यांना विचारूनच.

फ्लायपास्टमुळे वेगळाच त्रास होतो: फुकटात विमान बघायला आलेल्या मोटारी आजूबाजूच्या रस्त्यांच्या कडेला थांबतात. विमान दिसलं की चालत्या मोटारीही ब्रेक मारतात. त्या वीस मिनिटांसाठी आदेशात 'थांबण्यास मनाई' मागा. नुसते रस्त्यावरचे रंगीत शंकू (ट्रॅफिक कोन) मांडून काही होत नाही, त्याला कायद्याचा आधार नसतो.

फेनकाठ
वेळेबद्दल समितीत मतभेद आहेत. काहींना विमान शेवटी, चारला, हवं आहे.

हिशोबवही
चारला नको. विमान गेलं की ७४० मोटारी एकदम त्या एका फाटकाकडे वळतील. वेळ सुचवायला सांगितली तर २ ते २.४५ सुचवा, मग ३ ला गाड्यांची फेरी, ३.३० ला बक्षिसं. निघणारे तासभर विखुरतात.

मर्लिन२७
माझं थोडं वेगळं. वेळ त्यांची असते, म्हणून कार्यक्रमाला घट्ट वेळ बांधूच नका. रिंगणात १.३० ते ३.३० दरम्यान असे प्रकार ठेवा जे दोन मिनिटांत थांबवता येतील: मोटरसायकलींची ओळख, ट्रॅक्टरचं प्रात्यक्षिक. पोनी, कुत्र्यांचा खेळ, बहिरी ससाणे त्या वेळात अजिबात नकोत. विमान दहा मिनिटांवर असल्याचा फोन आला की निवेदकाने रिंगण रिकामं करायचं, जनरेटर सोडून सगळी इंजिनं बंद, वाफेच्या शिट्ट्या बंद, संगीत बंद. मर्लिन २७ लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन आहे. ते दिसायच्या आधी ऐकू येतं, आणि लोक त्यासाठीच आलेले असतात. निवेदकालाही सांगा, विमान वर असताना बोलू नको.

ड्रोनवर पूर्ण बंदी, फाटकावर फलक लावा आणि दर तासाला घोषणा करा.

तबेलावाली
घोडे पाळणाऱ्यांना कळवणं फार गरजेचं आहे. दोन मैलांतल्या प्रत्येक तबेल्याला, मेंढपाळाला दोन आठवडे आधी पत्र आणि आदल्या दिवशी फोन. पत्रात वेळेची खिडकी द्या, 'दुपारी कधीतरी' नको. बहुतेक जण घोडे आत बांधतात किंवा त्या वेळात रपेट टाळतात. रस्त्यावर घोडेस्वार असताना कमी उंचीवरून विमान गेलं तर माणूस पडतो, जीवही जाऊ शकतो.

डीएच८२
अपघाताचा आराखडा कोणी मागितला नाही, पण तो लिहाच. अग्निशमनाच्या गाडीसाठी ४ मीटर रुंदीची एक वाट फाटकापासून रिंगणापर्यंत दिवसभर मोकळी. वॉकीटॉकीवर सगळं थांबवायचा एकच ठरलेला शब्द. विमान मैदानाबाहेर पडलं तर स्वयंसेवकांनी तिकडे धावायचं नाही. फाटक मोकळं करायचं आणि लोकांना जागेवर धरून ठेवायचं. जिल्ह्याच्या सेफ्टी ॲडव्हायझरी ग्रुपला हा आराखडा निदान तीन महिने आधी दाखवा, पोलीस आणि अग्निशमन तिथे एकत्र भेटतात.

वॉकीटॉकी परवाना न लागणाऱ्या पीएमआर४४६ चालतील, पण अर्ध्या वॅटच्या असतात. लष्करी ट्रकांच्या रांगेमागे आवाज तुटतो. आदल्या दिवशी प्रत्येक जागेवरून बोलून बघा.

गिरणगाव_ते_गिल्डफर्ड
लष्करी वाहनांच्या तंबूसाठी एक फलक सुचवतो. हवाई दलाच्या १३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं नाव 'सिटी ऑफ बॉम्बे' होतं आणि ती स्पिटफायर उडवायची. आणि भारतीय हवाई दलाकडचं 'परशुराम' हे डाकोटा, व्हीपी९०५, इथेच ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८ मध्ये भारतात गेलं. गावातल्या इंग्रज मंडळींना हे सहसा ठाऊक नसतं.

कोथरूडकर
पुण्याजवळ एखाद्या गावात असं करता येईल का?

डीएच८२
जीप, ट्रॅक्टर, जुन्या बुलेट यांचं प्रदर्शन नक्की, वरचं पार्किंगचं गणित जसंच्या तसं लागू. विमानाचं अवघड. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची परवानगी लागते आणि लोहगाव हा हवाई दलाचा तळ असल्याने तिथलं आकाश त्यांच्या नियंत्रणात आहे. गाड्यांवरच भर द्या.

फेनकाठ
सगळं उतरवून घेतलं. हवाई दलाचा अर्ज या आठवड्यात जातोय, शेजारच्या तीन एकरांसाठी शेतकऱ्याशी उद्या बोलणं आहे. फाटकावरची मोरी विटांची, कमानीची आहे आणि वजनाचा कागद कुणाकडेच नाही. लो-लोडर तिथून न्यावा का?

वाफाळ
नाही. काउंटीच्या पुलांच्या अभियंत्याकडून तपासून घ्या, किंवा लो-लोडर रस्त्यावरच्या पक्क्या थांब्यावर उतरवा आणि इंजिनं शेताच्या दुसऱ्या, मोरी नसलेल्या बाजूने कुंपणाचा एक गाळा काढून आत घ्या. गाळा साडेतीन मीटरचा हवा, खाली पोलादी पत्रे टाका, आणि परत लावायचा खर्च शेतकऱ्याच्या करारात लिहा.